जातो म्हणायचं नसतं

छत्रपती संभाजीनगरच्या राजाबाजारातल्या त्या गल्लीत सकाळी साडेनऊला रहदारी सुरू झालेली असते. दूधवाला परतत असतो, शाळेची रिक्षा वळणावर अडकते, आणि या गडबडीत पाच-सहा घरांच्या दारांत माणसं स्तब्ध उभी असतात. अंगावर सोवळ्याची धुतलेली वस्त्रं, हातात कलश, कलशावर नारळ. पुढची जमीन धुऊन तिथे रांगोळीचा चौक काढलेला. मंदिराच्या बाजूने एक दिगंबर मुनी चालत येतात. डाव्या हातात मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. उजवा हात कोपरात दुमडून बोटं खांद्याला टेकलेली. हात खांद्यावर आहे म्हणजे ते आहाराला निघालेत. आता ते बोलणार नाहीत, मागणार नाहीत, खूणसुद्धा करणार नाहीत.

'नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु' असा एकदम गजर होतो. प्रत्येक दार त्यांना बोलावत असतं, थांबा म्हणत असतं. याला पडगाहन म्हणतात. मुनींनी निघताना मनाशी एक नियम धरलेला असतो. जोडप्याच्या हाती अमुक दिसलं तर थांबेन, अमुक फळ दिसलं तर थांबेन. तो कोणालाही ठाऊक नसतो. दिसलं तर त्या घरी आहार, नाही दिसलं तर उपाशी परत. पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळीच.

मी ज्या बाईंजवळ उभी होते त्यांच्या दारावरून मुनी पुढे गेले आणि चौथ्या घरापाशी थांबले. बाईंनी पहाटे चारला उठून विहिरीचं पाणी गाळून चौका, म्हणजे आहारासाठीचा शुद्ध स्वयंपाक, लावला होता. सैतवाल जैनांचं घर, घरात मराठीच. मला वाटलं, हिरमुसतील. त्यांनी कलश खाली ठेवला, पदर सारखा केला आणि त्या चौथ्या घरात आहार द्यायला निघून गेल्या. शुद्ध वस्त्रात असलेल्या कोणालाही दुसऱ्याच्या चौक्यात जाऊन घास देता येतो. तासाभराने परत आल्या, मला आत बोलावलं आणि पाण्याचा तांब्या देता देता म्हणाल्या, "माझी मोठी बहीणच आर्यिका आहे." आर्यिका म्हणजे जैन साध्वी.

संपादकांनी यंदाचा विषय दिला होता विरक्ती. श्रद्धा आणि संसाराचा मोह सोडणं. मी सोडणाऱ्यांना शोधत निघाले होते. त्या स्वयंपाकघरात बसल्यावर कळलं की आपल्याला मागे राहिलेल्यांकडे जायला हवं. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. चुकून कोणी 'जातो' म्हणालं की आई तिथल्या तिथे दटावते. मग ज्याला खरोखरच जायचं आहे, परत यायचंच नाही, तो उंबऱ्यावर काय म्हणतो? आणि आतलं माणूस त्याला काय उत्तर देतं? छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हा प्रश्न दोन हजार वर्षं दगडावर, भिंतीवर आणि पोथ्यांत मांडून ठेवलेला आहे.

सतरा क्रमांकाचं लेणं

अजिंठ्याला जायची एसटी सकाळची धरावी. शंभरेक किलोमीटर आहे, आणि फर्दापूरच्या फाट्यावर उतरून पुन्हा लेण्यांची बस घ्यावी लागते. सतराव्या लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. सहलीची माणसं तेवढं थांबत नाहीत, 'इथे काय आहे?' म्हणून बाहेर पडतात. थांबलं की गाभाऱ्याकडे जाताना अंतराळाच्या भिंतीवर एक उंच आकृती हळूहळू वर येते. भगवं चीवर घातलेले बुद्ध. हातात भिक्षापात्र. आणि त्यांच्यासमोर, त्यांच्या मानाने फारच लहान, एक बाई आणि तिचं मूल.

ही यशोधरा, तो राहुल, आणि गाव कपिलवस्तू. ज्या घरातून गेले त्याच घराच्या दाराशी ते भिक्षेला आले आहेत. चित्रकाराने बुद्धांना एवढं मोठं काढलं ते त्यांची थोरवी दाखवायला, असं मार्गदर्शक सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण मला ते अंतर वाटलं. हात पुरणार नाही एवढा तो माणूस मोठा झाला आहे. मुलगा मान मागे टाकून वर बघतोय. आई त्याला पुढे करतेय. आईने राहुलला सांगितलं होतं की बापाकडे आपला वारसा माग. त्याने मागितला. बुद्धांनी सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या दिली. त्यांच्याकडे देण्यासारखा वारसा तेवढाच होता.

यापुढची गोष्ट चित्रात नाही, ती विनयपिटकात आहे. नातू गेल्याचं कळल्यावर म्हातारे शुद्धोदन बुद्धांकडे आले. तू गेलास तेव्हा दुःख झालं, मग नंद गेला, आता राहुल. पोराची माया कातडी कापत आत शिरते, मांस कापते, हाडापर्यंत जाते, अशा अर्थाचं ते बोलले. आणि एकच मागणं मागितलं: यापुढे आईबापांच्या परवानगीशिवाय कोणाच्या मुलाला संघात घेऊ नका. बुद्धांनी तो नियम केला. तो आजही पाळला जातो. भिक्षू होणाऱ्याला भर संघात विचारतात, आईवडिलांची अनुज्ञा आहे का? संघाचा हा नियम मागे राहिलेल्या एका आजोबांच्या दुःखातून आला. विरक्तीच्या वाटेवर घरच्यांसाठी एवढी जागा त्यांनी करून घेतली.

शुद्धोदनांनी ज्याचं नाव घेतलं त्या नंदाची गोष्ट शेजारच्या सोळाव्या लेण्यात आहे. 'मरणासन्न राजकन्या' या नावाने प्रसिद्ध असलेलं ते चित्र मरणाचं नाही. ती नंदाची बायको. लग्न नवं. बुद्ध दारी आले, नंद त्यांच्या मागोमाग भिक्षापात्र घेऊन विहारापर्यंत गेला. भिडेपोटीच गेला, कारण थोरल्या भावाच्या हातात पात्र परत कसं द्यावं हे त्याला सुचेना. तिथे त्याचं मुंडन झालं. अश्वघोषाच्या सौंदरनंद काव्यात ती निघताना त्याला बजावते की कपाळावरचं ओलं गंध वाळायच्या आत परत या. चित्रात माणूस परत आलेला नाही, एक सेवक त्याचा मुकुट घेऊन आलाय, आणि ती कोसळली आहे. मान कलंडलेली, बोटं सैल, मागून एक दासी तिला सावरतेय. धर्माचा महिमा सांगायला खोदलेल्या विहारात, जिथे भिक्षूच राहायचे, तिथे त्यांच्याच रोजच्या वाटेवर चित्रकाराने ही बाई काढून ठेवली. पहिल्या लेण्यात महाजनक राजा राज्य सोडतो तिथेही राणी सीवली आहेच, नाचगाणी मांडून त्याला थोपवणारी आणि मग त्याच्यामागे चालत राहणारी.

भिक्षूंना हे सगळं रोज बघवत कसं असेल? की बघावंच म्हणून ते काढलं?

सतरावं लेणं ज्याने खोदवलं त्याचा शिलालेख तिथेच आहे. त्याचा रविसांब नावाचा धाकटा भाऊ गेला. त्या शोकात थोरल्याने संसाराची अनित्यता मनावर घेतली आणि स्तूप-विहार उभारले. म्हणजे जिथे यशोधरा दाराशी उभी आहे ते लेणंच मुळी एका मागे राहिलेल्या भावाचं. आणि सव्विसाव्या लेण्यात, जिथे सात मीटर लांबीचे बुद्ध महापरिनिर्वाणात पहुडले आहेत, तिथला लेख बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा आहे. अश्मक राजाचा मंत्री भव्विराज हा त्याचा मित्र. नुसता या जन्मीचा नव्हे, अनेक जन्मांचा मित्र, असं त्यात आहे. मित्राच्या स्मरणार्थ हे लेणं कोरवलं. घर सोडलेल्या, मुंडन केलेल्या माणसाने मित्राचं नाव मात्र डोंगरात कोरून ठेवलं. मला हा बुद्धभद्र फार जवळचा वाटतो. त्याची साधना यामुळे कमी पडली असं मला वाटत नाही.

दहा दिवसांचं चीवर

शहरात विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची बुद्धलेणी आहेत. तिथल्या तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेली पुरुषभर उंचीची माणसं कोरली आहेत. बायका-पुरुष दोन्ही. केस बांधलेले, अंगावर दागिने, काहींच्या हातात माळा. ही भिक्षू मंडळी नव्हेत, प्रपंचातली माणसं. थेट गाभाऱ्यात बसवलेली. भिक्षूंना प्रार्थनेला बसताना आजूबाजूला यांचीच सोबत असायची.

याच डोंगराच्या पायथ्याशी आणि शहरातल्या विहारांमधून वर्षावासात श्रामणेर शिबिरं होतात. दहा दिवसांची प्रव्रज्या. दहावीतली मुलं असतात, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असतात, रजा टाकून आलेला कंडक्टर असतो. केशवपन होतं, अंगावर चीवर येतं, दहा शीलं घेतली जातात. दुपारी बारानंतर जेवण नाही, सोन्या-चांदीला हात नाही, उंच गादी नाही. पहिल्या दिवशी डोक्यावरून सारखा हात फिरवणारी मुलं चौथ्या दिवसापर्यंत शांत बसायला शिकतात. मोबाइल पिशवीत जमा.

मी पोचले तेव्हा ही मंडळी एका वस्तीत भिक्षाटनाला निघाली होती. एकामागे एक, नजर खाली, अनवाणी. घराघरापुढे बायका ताटं घेऊन उभ्या. पांढऱ्या साड्या. एका बाईचा मुलगा रांगेत सातवा होता. तिने पहिल्या सहांच्या पात्रात वाढलं, सातव्याच्या पात्रात वाढलं, आठव्याच्या. हात कुठेच थांबला नाही, वाढीव घास कुठे पडला नाही. सगळे पुढे गेल्यावर ती खाली वाकली आणि रस्त्यावर पंचांग प्रणाम केला. त्यांत तिचा मुलगाही होता. आईने मुलाच्या पाया पडायचं हे आपल्या घरांतून कोणाला पटणार नाही. पण चीवराला नमस्कार आहे, माणसाला नाही, असं शेजारणीने मला समजावलं. नमस्कार करून उठल्यावर त्या बाईने पदराने तोंड पुसलं. उन्हाचा घाम होता की आणखी काही, ते मी बघत बसले नाही.

या वस्त्यांमधून यशोधरेची जी गोष्ट सांगितली जाते ती अजिंठ्याच्या गोष्टीपेक्षा वेगळी आहे, आणि ती इथल्या माणसांनी मनापासून आपली केली आहे. परंपरेत सिद्धार्थ मध्यरात्री उठतात, झोपलेल्या बायको-मुलाकडे दारातून बघतात आणि न उठवता जातात. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना ही गोष्ट स्वीकारली नाही. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली, प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थ घर सोडतात ते म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून नव्हे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा पेटतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतात आणि त्यांना देश सोडावा लागतो. जाण्याआधी ते आईवडिलांशी बोलतात. मग यशोधरेकडे जातात. तिला काय सांगावं हे त्यांना सुचत नाही, तीच बोलायला सुरुवात करते. तुमचा निर्णय योग्य आहे, माझी संमती आहे. मीही आले असते, पण राहुलला सांभाळायचं आहे.

ज्या माणसाने 1950 साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्याच्या आवारात, नागसेनवनात, झाडं लावून घेतली, त्याने अडीच हजार वर्षांनी यशोधरेला झोपेतून उठवलं आणि तिचं मत विचारलं. मागे राहणं हाही एक निर्णय असतो, आणि तो तिने स्वतः घेतला, हे त्यांनी लिहून ठेवलं. नागसेनवनातून फिरताना मला वाटत राहिलं की बुद्धचरित्रात त्यांनी केलेला हा बदल आपण पुरेसा लक्षातच घेतलेला नाही.

आपेगावचे विठ्ठलपंत

पैठणच्या पुढे गोदाकाठाला आपेगाव आहे. कपाशीची शेतं, उसाचे फड, नदीच्या बाजूला मंदिर. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत कुलकर्णी इथले. मराठी मुलखात घर सोडून जाण्याची सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी हीच सांगेन. ती एका फसवून घेतलेल्या परवानगीची गोष्ट आहे.

विठ्ठलपंतांचा ओढा विरक्तीकडे. लग्न आळंदीच्या सिधोपंतांच्या मुलीशी, रुक्मिणीशी. संन्यासाला बायकोची संमती लागते. त्यांनी अनेकदा मागितली, तिने दिली नाही. मग एके दिवशी ती आपल्या नादात असताना 'गंगेला जाऊ का?' असं विचारलं, ती 'जा' म्हणाली, आणि त्यांनी तीच संमती धरून काशी गाठली. कथा सांगणारे इथे शब्द थोडे बदलतात, पण तिला न कळू देता ते गेले यावर सगळ्यांचं एकमत आहे. काशीला गुरूंना त्यांनी मागे कोणी नाही असं सांगितलं. पुढे ते गुरू यात्रेला निघाले आणि आळंदीला एका सुवासिनीने पिंपळाच्या पाराजवळ त्यांना नमस्कार केला. त्यांनी पुत्रवती हो असा आशीर्वाद दिला. ती हसली. का हसलीस म्हणून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. गुरू तिथूनच मागे फिरले आणि शिष्याला घरी पाठवलं.

बारा वर्षं पिंपळाला प्रदक्षिणा घालणारी रुक्मिणी आपण भक्तीचा नमुना म्हणून सांगतो. माझ्या आजोळी एक चुलतआजोबा असेच निघून गेले होते. पंढरीला जातो म्हणून गेले. 'जातो' म्हणाले होते, हे आजी हमखास सांगायची. त्यांची बायको, आमची काकी-आजी, पुढची पस्तीस वर्षं रोज कुंकू लावायची आणि रोज सकाळी करंडा हातात घेऊन थोडा वेळ तशीच बसायची. लावावं की नाही, हा प्रश्न तिला कोणी सोडवून दिला नाही. माणूस वारल्याचा दिवस असतो, तेरावा असतो, वर्षश्राद्ध असतं. निघून गेलेल्या माणसाचा कुठलाच दिवस नसतो. त्या पिंपळाभोवती रुक्मिणी काय मागत फिरत असेल, हे मला काकी-आजीमुळे थोडं कळतं.

विठ्ठलपंत परत आले आणि मग खरा जाच सुरू झाला. संन्याशाने संसारात परतणं शास्त्राला मान्य नव्हतं. चार मुलं झाली: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. गाव त्यांना संन्याशाची पोरं म्हणायचं. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, आणि पोरकी चार भावंडं शुद्धिपत्रासाठी चालत पैठणला गेली. ज्या ज्ञानदेवांनी पुढे मराठीला भगवद्गीता दिली, त्यांचं सगळं बालपण एका सोडण्याच्या आणि एका परतण्याच्या मधल्या फटीत गेलं. ज्ञानेश्वरीत कर्म सोडण्याचा नव्हे तर कर्मातली आसक्ती सोडण्याचा आग्रह जागोजागी येतो. तो गीतेतलाच आहे, पण तो समजायला त्या मुलाला पोथी उघडायची गरज पडली नसेल.

याच पैठणात, त्याच शतकात, चक्रधरस्वामींच्या मार्गात बायका आल्या. बाईसा, महदाईसा. महदाईसा विधवा होती. देशाचा संबंध सोडा, गावाचा सोडा आणि नातलगांचा तर विशेषच सोडा, असं त्या मार्गाचं सांगणं. अटन करावं, विजनात राहावं, चार घरची भिक्षा. वर ज्या बायकांविषयी लिहिलं त्यांच्यासाठी विरक्ती म्हणजे कोणीतरी निघून जाणं होतं. महदाईसेसाठी ते घराबाहेर पडायचं उघडं दार होतं. विटाळ-चांडाळ न मानणारा गुरू, प्रश्न विचारायची मुभा, गाणी रचायची मुभा. तिचे धवळे आज मराठीतल्या आद्य रचनांत मोजले जातात. लीळाचरित्रातली महदाईसा गुरूला सतत खोदून खोदून विचारत असते. घरी तिने हे कोणाला विचारलं असतं?

नाथांचं पत्र

पैठणला संत एकनाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्या नाव घेऊन साक्षात श्रीकृष्णाने नाथांच्या घरी पाणी भरलं, ही कथा त्या रांजणाची. तुकाराम बीजेपासून भाविक गोदावरीचं पाणी आणून त्यात ओततात. नाथषष्ठीच्या दिवसांत तो एका कोणाच्या तरी घागरीने भरून वाहतो, आणि तो घागरवाला म्हणजे देव आला असं मानतात. मी गेले तेव्हा गर्दी नव्हती. वाड्याच्या जोत्यावर दोन वारकरी आजोबा पाय पसरून बसले होते आणि आत कोणीतरी समईची वात पुढे सारत होतं. हे देऊळ घरासारखं आहे, कारण ते घरच होतं.

एकनाथांना आपण प्रपंचातून परमार्थ करणारे संत म्हणून ओळखतो. पण तेही आधी पळालेले होते. आईबाप लहानपणीच गेलेले, आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी वाढवलेलं पोर. बाराव्या वर्षाच्या सुमाराला ते कोणाला न सांगता देवगिरीला गेले, जनार्दनस्वामींकडे. म्हातारा-म्हातारी पैठणात शोधत राहिली. पुढे आजोबांना ठावठिकाणा लागला, ते देवगिरीला गेले. तोवर नाथ तीर्थयात्रेला निघालेले. जनार्दनस्वामींनी आजोबांच्या हातात एक पत्र दिलं: एकनाथ भेटेल तिथे त्याने थांबावं, लग्न करावं, घर करावं. कथा सांगते की यात्रा करून नाथ पैठणच्या वेशीजवळ आले, आजोबांनी पत्र हाती ठेवलं, आणि जिथे वाचलं तिथेच नाथ थांबले.

विठ्ठलपंतांना काशीच्या गुरूंनी उशिरा परत पाठवलं, आणि त्या घराची राख झाली. देवगिरीच्या गुरूंनी वेळेवर पत्र लिहिलं. मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. जनार्दनस्वामी किल्ल्याचा कारभार बघणारे गृहस्थ होते, रोज हिशेब तपासत होते. दारात बसलेल्या म्हाताऱ्याचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं. नाथांनी गिरिजाबाईंसोबत जे घर केलं त्याच्या दारातून कोणीच विन्मुख गेलं नाही. पुढे त्यांचा मुलगा हरिपंडित वडिलांचं वागणं न पटून काशीला निघून गेला. म्हणजे नाथांनाही मागे राहणं चुकलं नाही. ते त्याला आणायला काशीला गेले.

पैठणहून परतताना जायकवाडीच्या भिंतीवरून नाथसागर दिसतो. 1976 साली हे धरण पूर्ण झालं. त्या पाण्याखाली गावंच्या गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या देवळांचे दगड, वाड्यांची जोती वर येतात, आणि म्हातारी माणसं तिथे जाऊन चूल कुठे होती ते दाखवतात. त्यांनी घर सोडलं, शेत सोडलं, गावदेव सोडला. त्याला कोणी त्याग म्हटलं नाही. कोणी त्यांची मिरवणूक काढली नाही. मराठवाड्याच्या शेतीला मिळालेल्या पाण्यात त्यांचं सोडणं आहे, एवढं तरी विरक्तीवरच्या लेखात लिहायला हवं.

चांदीचे अंकुर

दौलताबादच्या घाटात आश्विनात सीताफळांच्या टोपल्या लागतात. तिथून वर खुलताबाद. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं दौलताबादला हलवली, त्यांत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब होते. तेही हुकुमाने आलेले, आपल्या गुरूची कबर दिल्लीत मागे ठेवून. चिश्ती फकिरांची रीत अशी की मागायचं नाही, न मागता आलेलं नाकारायचं नाही, आणि आलेलं वाटून टाकायचं, उद्यासाठी साठवायचं नाही.

बुऱ्हानुद्दीन 1337 साली गेले. मागे राहिलेल्या शिष्यांचं काय? दर्ग्याची कथा सांगते की त्यांच्या पोटापाण्याची सोय नव्हती, तेव्हा अंगणाच्या फरशीतून चांदीची झाडं उगवू लागली. शिष्य ती तोडून विकत आणि दर्गा चालवत. पुढे दर्ग्याला इनाम मिळालं आणि झाडं उगवायची थांबली. फरशीवर आजही चांदीचे बारीक बारीक ठिपके दाखवतात, अंकुर म्हणून. मी वाकून बघितले. कथा खरी-खोटी करायला मी आले नव्हते. सगळं वाटून टाकणाऱ्या फकिराला आपल्या मागच्यांची काळजी होती, असं त्या कथेला वाटतं, हे मला पुरेसं आहे.

समोरच्या दर्ग्यातले जैनुद्दीन शिराजी हे बुऱ्हानुद्दीन यांचे वारस, बावीसवे ख्वाजा. ते 1369 साली गेले तेव्हा त्यांनी कोणालाच आपला खलिफा नेमलं नाही. गादी तिथेच संपली. घर, पैसा सोडणारे पुष्कळ सापडतात. आपल्या पश्चात आपल्या जागेवर कोण बसेल, हेही सोडून देणारा क्वचित.

त्याच जैनुद्दीन यांच्या अंगणात औरंगजेबाची कबर आहे. उघडी, मातीची, वर सब्ज्याचं रोप. टोप्या शिवून मिळालेल्या पैशांतून कबरीचा खर्च व्हावा असं त्याने सांगून ठेवलं होतं, असं म्हणतात. साधेपणाचा दाखला म्हणून ही कबर दाखवली जाते. मला ते पटत नाही. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं त्याने दख्खन जिंकायच्या हट्टात घालवली, संभाजी महाराजांना 1689 मध्ये हाल हाल करून मारलं, आणि 1707 साली मरेपर्यंत छावणी उठवली नाही. शेवटच्या पत्रांतून त्याने मुलांपाशी पश्चात्ताप बोलून दाखवला. पण मूठ त्याची त्याने उघडली नाही, ती मरणाने उघडली. विरक्ती कशाला म्हणायचं नाही हे समजायला त्या अंगणात दोन्ही कबरी बघाव्यात.

बिनमिठाची डाळ

परतल्यावर राजाबाजारातल्या बाईंकडे पुन्हा गेले. दुपार होती, चौका आवरून झाला होता. बहीण अकरा वर्षांपूर्वी गेली. घरच्यांनी लेखी आज्ञा दिली होती. वडिलांनी आठ महिने सही केली नव्हती. मग एका सकाळी पूजा करून उठले आणि करून टाकली. दीक्षेच्या दिवशी तिला नवरीसारखं सजवलं, मेंदी काढली, मिरवणूक निघाली. संध्याकाळपर्यंत दागिने उतरले, पांढरी साडी आली, केशलोच झाला. "केस तिचे लांब होते," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्या कमरेशी हात नेऊन दाखवला.

आता तिला ताई म्हणता येत नाही. माताजी म्हणायचं, वंदामि करायचं. मागच्या वर्षी तिचा चातुर्मास जवळच्या एका गावी होता, तर या एसटीने गेल्या आणि तिथे चौका लावला. सकाळी कलश घेऊन दारात उभ्या राहिल्या. सहा दिवस माताजी दारावरून पुढे गेल्या. सातव्या दिवशी थांबल्या.

"पाय धुतले, पाटावर बसवलं. ओंजळ पुढे आली. हात तेच, फार वाळलेले." लहानपणी ताईला चिंच-गुळाची आंबटगोड डाळ लागायची. पण माताजींनी गुळाचा त्याग केला आहे, मिठाचाही. "मग काय करता? तुरीची डाळ शिजवली नुसती, वर तूप. पहिला घास ठेवताना हात कापला माझा. केसबीस पडला असता तर अंतराय झाला असता, दिवसभर उपाशी राहिली असती. म्हणून श्वास धरून वाढलं."

बोलल्या का काही?

"आहारात बोलत नाहीत. नंतर पिच्छी उचलून आशीर्वाद दिला, सगळ्यांना देतात तसाच." बाई उठल्या, ओट्यावरचा कुकर उघडून बघितला. "तेव्हापासून आमच्याकडे चतुर्दशीला डाळीत मीठ घालत नाही. मुलं कुरकुरतात. सुरुवातीला मलाही जात नव्हती."

मी निघाले. चपला घालताना सवयीने म्हटलं, "येते हं."

"या," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा ओट्याकडे वळल्या.